शेठला सांगितलेलं

शेठ हा कुत्रा होता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण त्या इमारतीत 'आत्ताच शेठ येऊन गेले' असं इतक्या सहज म्हटलं जायचं, की नवखा भाडेकरू घरमालक आले समजून घाईघाईने सदऱ्याची बटणं लावायचा. रंग म्हणाल तर इस्त्री जरा जास्त वेळ टेकली की कापडाला येतो तसला. एक कान उभा, दुसरा पडलेला, पोट सुटलेलं, आणि चाल अशी, की सगळी इमारत आपल्या बापाची आहे आणि भिंतींचा रंग कुठे उडालाय तेवढं बघायला आपण निघालोय. या गुणांवर लोक फिदा होते. खरं तर त्याला दुसरं काही येत नव्हतं. चोर आला असता तर त्यालाही त्याने शेपूट हलवून आत घेतलं असतं.

तो इस्त्रीवाल्या मावशींचा. तळमजल्यावर जिन्याखाली त्यांची कामाची खोली होती, घर तिच्यामागे. खोली कसली, एक टेबल, कपड्यांचे गठ्ठे आणि स्वतः मावशी एवढ्यातच ती भरून जायची. पिल्लू असताना एका थंडीत तो टेबलाखालच्या उबेला येऊन बसला आणि उठायचं विसरला. मावशींनी दोन-तीनदा हाकलून बघितलं, मग हात टेकले.

सकाळी मावशी घरोघर जाऊन कपडे गोळा करायच्या, दुपारभर इस्त्री फिरवायच्या, आणि दिवस कलला की घडी घातलेले गठ्ठे खांद्यावर टाकून पुन्हा जिने. इमारत चार मजल्यांची, लिफ्ट नाही. शेठ पुढे, मावशी मागे. दारापाशी पोचला की तो पंजाने दार खरवडायचा, आणि मावशी धापा टाकत वर येईपर्यंत दार उघडून त्याची सरबराई सुरू झालेली असायची. कुणी पावाचा तुकडा द्यायचं, कुणी अंड्याचा पांढरा भाग, कुणी नुसतंच त्याचा पडलेला कान उभा करून बघायचं. तेवढ्या वेळात मावशींना उंबऱ्याशी टेकून श्वास ठिकाणावर आणता यायचा. नेमकं काय झालं ते त्यांनाही कधी कळलं नाही, पण होता होता सगळी इमारत मावशींशी बोलायला लागली ती शेठच्या तोंडून.

म्हणजे असं. बँकेतले साहेब, दुसऱ्या मजल्यावरचे, दार उघडून खाली वाकायचे आणि म्हणायचे, "शेठ, तुझ्या आईला सांग, निळ्या पँटला दोन घड्या पडल्यात." मावशीही खाली बघूनच म्हणायच्या, "शेठ, साहेबांना सांग, पँटच म्हातारी झालीय, ती आता कुठेही मोडते." साहेब हसायचे, मावशी हसायच्या, पँट तशीच राहायची. कुणाला राग नाही, कुणाला लाज नाही. उशीर झाला तर शेठवर ओरडा, पाणी पडून ओलं झालं तर शेठला माफी. याच साहेबांचं आणि त्यांच्या बायकोचं कशावरून तरी बिनसलेलं होतं, तर तेही प्रकरण शेठच्याच गळ्यात. ती आतून म्हणायची, "शेठ, विचार त्यांना, साखर आणणार आहेत का आज." हे दारातून म्हणायचे, "शेठ, सांग, कालच आणलीय, डबा उघडून बघायचे कष्ट घ्या म्हणावं." तो बिचारा मध्ये उभा राहून एकदा इकडे बघायचा, एकदा तिकडे. दोघांचा संसार त्याच्या मानेवर चालला होता म्हणा ना.

लोक म्हणायचे, या कुत्र्यामुळे इमारतीत भांडण नाही. खरंच नव्हतं. पण भांडण नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं कुणी सांगितलं?

मावशींचे गुडघे गेले होते. एकदम नाही गेले, सावकाश गेले, आणि गेल्यावर मात्र पुरते गेले. उतरताना चढण्यापेक्षा जास्त दुखायचं. पहिल्या मजल्यावर कळ, दुसऱ्यावर आग, आणि चौथ्यावर पोचेपर्यंत पाय आपले आहेत की कुणी उसने दिलेत तेच कळायचं नाही. डॉक्टरांनी हाडांचा फोटो उजेडाकडे धरला, बराच वेळ धरला, आणि म्हणाले, "मावशी, उभं राहायचं असेल तर चढणं सोडा. दोन्ही होणार नाही."

उभं राहणं सोडून चालणार नव्हतं. मावशींच्या नवऱ्याचा उजवा हात मनगटात मोडून वाकडा जुळला होता, त्याला इस्त्री उचलवत नव्हती. तो स्वयंपाक करायचा, घड्या घालायचा, बायकोच्या गुडघ्यांना तेल चोळायचा आणि चोळताना दर वेळी तेच म्हणायचा, "जिने बंद कर." मावशी म्हणायच्या, "बंद करते, आणि मग?" कोपऱ्यावर नवी लाँड्री झाली होती. तिचा माणूस स्कूटरवरून यायचा, दारातून कपडे न्यायचा, दारात आणून द्यायचा. मावशी वर गेल्या नाहीत, तर लोक कपडे घेऊन खाली येतील की स्कूटरवाल्याला हाक मारतील? प्रश्न एवढाच होता. पण दोघांची चूल त्या प्रश्नावर मांडलेली होती.

मावशींनी सांगितलं नाही असं नाही. दारोदार सांगितलं. शेठला सांगितलं, कारण तिथे सांगायची पद्धतच ती. "शेठ, सांग रे साहेबांना, आईला आता जिने होत नाहीत. कपडे खाली आणून दिलेत तर बरं होईल म्हणावं." साहेब गुडघ्यावर बसून शेठची हनुवटी धरायचे. "काय रे, आई म्हातारी होतेय आणि तू नुसता खातोस? पाठीवर घे की गठ्ठा." आतून बायको हसायची. मावशींनाही हसू यायचं, काय करणार, बोलणं होतंच तसं गोड. तिसऱ्या मजल्यावर कुणी म्हणालं, "शेठ, आईला लिफ्ट बसवून दे, एवढा मोठा शेठ तू." हे तर सगळ्यांना इतकं आवडलं की आठवडाभर प्रत्येक दारात लिफ्टचीच चौकशी. कधी बसवतोस, कुठे बसवतोस, आम्हाला फुकट आहे ना? मावशी हसून हसून दमल्या आणि खाली येऊन टेबलाला धरून उभ्या राहिल्या.

"कुत्र्याला काय सांगतेस," नवरा म्हणाला, "माणसांना सांग."

"माणसांच्या समोरच सांगते."

"समोर सांगणं वेगळं. त्यांना सांग."

त्या चिडल्या. म्हणाल्या, तुम्ही घरात बसून शहाणपण शिकवा. इतक्या वर्षांत मी कुणाकडे मान वर करून बोलले नाही, आता एकदम काय सांगू, आणि लोकांना वाटायला नको का, की मावशींना माज आला? नवरा तेलाची वाटी उचलून आत गेला.

मग एकदा काय झालं, दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यांच्या मधल्या वळणावर मावशी बसल्या. नुसतं टेकू म्हणून बसल्या, आणि उठायला गेल्या तर उठता येईना. उजवा गुडघा अडकला तो अडकला. मांडीवर तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या चादरी, खांद्यावर साहेबांचे सदरे, जे वर जाताना द्यायचे राहिले म्हणून उतरताना द्यायचे ठरवले होते. शेठ थोडा वेळ शेजारी थांबला, त्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि मग त्याला जे येत होतं ते त्याने केलं. खाली जाऊन साहेबांचं दार खरवडलं.

दार उघडल्याचं मावशींना ऐकू आलं. त्यांना वाटलं, चला, आता कळेल. साहेब म्हणाले, "अरे वा, आज शेठ एकटेच? अगं ए, बघ कोण आलंय." बऱ्याच दिवसांनी ते बायकोशी सरळ बोलले असावेत, कारण ती धावत आली. दोघांनी मिळून त्याचे लाड केले. शेठ भुंकला. तो सहसा भुंकत नसे. त्याचंही कौतुक झालं. "गातो की काय," बायको म्हणाली. मग बिस्किटाचा कागद फाटल्याचा आवाज, आणि साहेब म्हणाले, "जा, आईला म्हणावं सदऱ्यांची घाई नाही, सावकाश या." दार लागलं. शेठ बिस्कीट तोंडात धरून वर आला आणि मावशींच्या पुढ्यात बसून कुरुमकुरुम खाऊ लागला.

मावशींना तिथल्या तिथे हाक मारता आली असती. अर्धा जिना खाली तर दार होतं. पण काय म्हणून हाक मारायची, 'साहेब' म्हणून? त्यांनी आयुष्यात त्या माणसाला हाक मारली नव्हती. शेवटी कठड्याला धरून, चादरी छातीशी आवळून, त्या उठल्या, आणि एकेक पायरी बसत बसत खाली उतरल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते कशाचं हे त्यांनी स्वतःलाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी शेठला फाटकाशेजारच्या घड्याळजींच्या दुकानात नेऊन बांधलं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी घड्याळाच्या पोटात शिरले होते. "शेठ, काय काम काढलंस?" त्यांनी वर न बघता विचारलं. मावशी म्हणाल्या, "त्याला नका विचारू. जरा राहू दे इथे." घड्याळजींनी भिंग काढून त्यांच्याकडे बघितलं आणि शेठसाठी स्टुलाखालची जागा रिकामी केली.

हात रिकामे घेऊन जिना चढायला विचित्र वाटत होतं. साहेबांच्या दारात मावशींनी घंटी वाजवली. साहेबांनी दार उघडलं आणि सवयीने खाली बघितलं. खाली कुणी नव्हतं. मग मावशींच्या मागे बघितलं. मग, दुसरं काही उरलं नाही म्हणून, मावशींकडे बघितलं.

"शेठ कुठाय?"

"खाली आहे. मीच आलेय." मावशींची मानसुद्धा सवयीने खालीच होती. त्यांनी ती वर केली. "माझे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी जिने बंद सांगितलेत. उद्यापासून कपडे खाली आणून द्यायचे आणि खालूनच न्यायचे. नसेल जमत तर कोपऱ्यावर लाँड्री आहे, मी काही म्हणणार नाही."

साहेबांचा चेहरा पडला. "अहो मावशी, मग आधी नाही का सांगायचं?"

"सांगत होते."

"कधी?"

साहेबांना हळूहळू आठवत गेलं असावं, कारण त्यांनी दाराची कडी उगाच दोन-तीनदा वरखाली केली. आतून बायको आली आणि नवऱ्याशेजारी उभी राहिली. "आम्हाला वाटलं, तुम्ही गमतीत म्हणताय," ती म्हणाली. "आणते मी. कपडे मी आणत जाईन." मावशींना तिचा आवाज इतक्या जवळून कधी ऐकल्याचं आठवेना.

सगळीकडे एवढं सोपं झालं नाही. एका घरी 'बघू' म्हणाले, म्हणजे स्कूटरवाला. एका घरी म्हणाले, मग पैसे जरा कमी घ्या, चढायचं नाही ना आता. तिसऱ्या मजल्यावर तर, बोलणं निघालंच आहे म्हणून, चादरींना कुत्र्याचे केस लागतात ते सांगितलं. शेठला कितीदा म्हटलं, पांढऱ्या कपड्यांवर लोळू नकोस म्हणून. मावशींना ते बोलणं आठवत होतं. त्यांना ते लाड वाटले होते. त्यांचे कान तापले, पण केस लागत होते हे खरंच होतं. त्या म्हणाल्या, "नाही लागणार आता." पुढच्या जिन्यावर त्यांनी विचार केला, कुत्र्याच्या तोंडून ऐकलेलं आपणही कुठे कधी खरं धरलं.

सर्वांत वर चौथ्या मजल्यावर मास्तरीणबाई राहायच्या. एकट्या. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. ते दार मावशींनी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण तिथे काही अडचण येणार नाही अशी खात्री होती. बाईंसारखं गिऱ्हाईक नाही. आठवड्यात दोनदा, न चुकता, मोजके कपडे, स्वच्छ धुतलेले, कुठे डाग नाही की काही नाही. शेठवर जीव. हा शेवटचा मजला चढताना मावशी दोनदा बसल्या, पण मनाशी म्हणाल्या, एवढा एकदाच.

बाईंनी दार उघडलं, भिंतीला धरूनच. "शेठ?"

"नाही आणला, बाई. मला तुमच्याशी बोलायचंय."

बाई बाजूला झाल्या. मावशी पहिल्यांदाच त्या घरात आत गेल्या. बसायला दिलेली खुर्ची लाकडी, सरळ पाठीची होती, त्यांना तिच्यावरून उठता येईल अशी. त्यांनी सगळं सांगितलं, आता पाठच झालं होतं. उद्यापासून कपडे खाली आणा.

बाई म्हणाल्या, "मला नाही येता यायचं खाली."

"रोज नाही हो. आठवड्यातून—"

"मावशी, मी गेल्या हिवाळ्यापासून खाली उतरलेले नाही. माझाही तोल जातो. दुकानाचा माणूस सामानाची पिशवी कडीला अडकवतो आणि जातो. मी सांगितलं होतं की. मला खाली येणं होत नाही, तूच येत जा वर, असं शेठला दर वेळी म्हणायचे."

मावशींना आठवलं. दर वेळी म्हणायच्या. आणि दर वेळी मावशींनी हसून उत्तर दिलं होतं, शेठ, बाईंना सांग, येतोच की, बिस्किटं तयार ठेवा.

त्यांना एकदम वेगळंच काहीतरी सुचलं आणि तोंडातून निघूनही गेलं. "मग तुम्ही कुठे जाता इस्त्रीचे कपडे घालून?"

बाईंनी मान वळवली. कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं. आत मावशींच्याच हातच्या घड्या, जशा दिल्या तशा, कोपऱ्याला कोपरा लावून ठेवलेल्या.

"कुठेच नाही," बाई म्हणाल्या. "मी ते चुरगाळते. तुम्ही यायच्या आदल्या दिवशी एकदा पाण्यातून काढते, पिळते आणि बांधून ठेवते."

मावशींना राग आला. साधासुधा नाही, चांगला सणसणीत आला. आपल्या गुडघ्याच्या वाट्या झिजल्या, चार मजले चढून रडत उतरलो, आणि ते कशासाठी, तर न घातलेल्या कपड्यांसाठी. "बाई, माझे पाय गेले हो," त्या म्हणाल्या, आणि आवाज वाढला तो त्यांनी वाढू दिला. "मी सांगत होते तुमच्या देखत, पाय गेले म्हणून. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला एवढं कळू नये?"

"कळत होतं," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांचं माहीत नाही. मला कळत होतं. पण तुम्ही यायचं बंद केलं असतं, तर दार वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं. मला भीती वाटते, मावशी. मी आत पडले तर वास आल्याशिवाय कुणाला कळणार नाही." त्यांनी हात मांडीवर ठेवले होते. "चूक माझी आहे. पण मी थांबवलं नसतं. तुम्ही आज आला नसतात तर परवा पुन्हा कपडे दिले असते."

मावशी खुर्चीतच बसून राहिल्या. खाली कुठेतरी नळ चालू झाला, कुणीतरी जिन्यात कुणाला हाक मारली. बाईंनी उठून पाणी आणलं, अर्धं वाटेत सांडलं, अर्धं मावशी प्यायल्या. मग बाई म्हणाल्या, पाय वर घ्या, आणि स्वतःच्या बिछान्यावरची उशी आणून समोरच्या स्टुलावर ठेवली. मावशींनी पाय वर घेतले. इतक्या दिवसांत त्या गुडघ्यांखाली कुणाच्या घरची उशी आली नव्हती. राग गेला नव्हता, पण त्याच्याखाली त्या इतक्या थकलेल्या होत्या की तो धरून ठेवायला ताकदच उरली नाही.

"कपडे नाही आणणार मी यापुढे," मावशी शेवटी म्हणाल्या. "एक रुमालसुद्धा नाही."

"बरं."

"सकाळी दुसऱ्या मजल्यावरची ती बँकवाल्यांची बायको येऊन दार वाजवेल. मी सांगते तिला. सरळ सांगते. ती येईल असं वाटतं मला. आणि मी येईन. रोज नाही, पाय परवानगी देतील तेव्हा. रिकाम्या हाताने येईन, बसेन, जाईन."

बाईंनी मान हलवली. डोळे पुसायला त्यांनी पदर घेतला नाही की रुमाल घेतला नाही, तळहातानेच पुसले. मग, इतका वेळ दाबून ठेवलेलं विचारावं तसं, जरा लाजत विचारलं, "आणि शेठला आणाल ना?"

मावशींनी दाराकडे बघितलं, जिथे एरवी तो पसरलेला असायचा आणि दोघी त्याच्याकडे बघून हसत असायच्या.

"नाही, बाई," त्या म्हणाल्या. "तो आला, की आपण बोलत नाही."